पेंटा तीनदा, गोवर दोनदा, बीसीजी एकदाच... हे ठरवतं कोण?

दीड_महिन्याची_आई
मंडळी, काल लेकीला दीड महिन्याच्या लसी देऊन आणल्या आणि कालपासून अख्खं घर जागं आहे, हे पहाटे पावणेपाचला एका हाताने टाईप करतेय तेव्हा चुका सांभाळून घ्या. डाव्या मांडीत पाच आजारांवरची पेंटा, उजव्या मांडीत ती न्यूमोनियाची पीसीव्ही, उजव्या दंडावर पोलिओची बारीक सुई, वर तोंडात पोलिओचे थेंब आणि जुलाबावरचं ते रोटाचं औषध. म्हणजे एका बसणीत पाच. जन्मल्यावर क्षयाची बीसीजी झालीच होती, त्या जागी डाव्या दंडावर मध्यंतरी बारीक पुटकुळी आली होती ती आता फुटलीये, ते बघून मी आधीच घाबरलेली.

आता कार्ड घेऊन बसलेय. बीसीजी एकदाच. पेंटा दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला, तीनदा. गोवर रुबेला नऊ महिन्यांनी आणि मग दीड वर्षाच्या आसपास, दोनदा. पोलिओ तर मोजायचंच सोडलं, थेंब वेगळे सुई वेगळी. शरीर तेच, पोरगी तीच, मग कुणाला एकदा आणि कुणाला तीनदा हे कशावरून? एकदाच जरा जास्त दिली तर नाही का चालणार?

सासूबाई दंडावरचे दोन रुपयाएवढे वण दाखवून म्हणतात आम्हाला एकदा देवी टोचली, संपलं, तुमचं आपलं दर महिन्याला काहीतरी. जाऊबाईंचं म्हणणं की प्रायव्हेटात न दुखणारी मिळते, तू उगाच पोरीला छळलंस. आमचे हे म्हणाले गुगल कर आणि कूस बदलून झोपले. ताप १०० च्या वर गेला होता, आत्ता उतरलाय, मांडीत कडक गाठ लागतेय हाताला. ताप आला म्हणजे लस लागू पडली असं शेजारच्या काकू म्हणतात ते खरंय का?

उपकेंद्रवाली
ताई आधी तापाचं बोलते बाकीचं नंतर. पेंटानंतर पहिल्या एक दोन दिवसांत ताप येणं नेहमीचं आहे, सिस्टरनी वजन बघून जे औषध जेवढं लिहून दिलंय तेवढंच द्या, अंदाजाने वाढवू नका, अंगावरचं पाजत रहा, आणि पोरीला गोधडीत गुंडाळू नका, आमच्याकडे ताप आला की आधी टोपडं आणि दोन गोधड्या चढवतात त्याने ताप अजून चढतो. गाठीवर बर्फ नको, शेक नको, चोळणं तर अजिबात नको. कुणी हळद लावा म्हणेल, नको. ताप दोन दिवसांपुढे गेला, पोरगी दूधच ओढेना, नुसती पडून राहिली किंवा झटका आला तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठायचा.

बीसीजीचा फोड फुटतो, थोडा ओला होतो, सुकतो, मग वण राहतो. त्याला पावडर मलम पट्टी काही नको, अंघोळ घाला बिनधास्त. तो फोड आला म्हणून घाबरून येणाऱ्या आया मी आठवड्याला चार बघते.

ताप आला तरच लस लागू पडली हे खोटं. ज्यांना ताप येत नाही त्यांनाही तितकीच लागू पडते, शेजारच्या काकूंना सांगा.

आणि एक गोष्ट पुढच्या वेळी मुद्दाम बघा. लसीच्या बाटलीवर एक जांभळट गोल असतो, त्याच्या आत एक चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. उन्हातान्हात बाटली राहिली की चौकोन हळूहळू गडद होतो, तो गोलाएवढा गडद झाला की बाटली बाद. हे कुठल्याही आईने विचारलं तर आम्ही दाखवतो, रागावत नाही (एखादी रागावली तर दुसऱ्या वेळी परत विचारा). सगळ्यांना वाटतं लस उन्हानेच खराब होते, पण पेंटा थिजली तरी वाया जाते आणि ते त्या चौकोनावर दिसत नाही. म्हणून फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्री, आणि बर्फाच्या अंगाला बाटली चिकटू द्यायची नाही, हे आमच्या डोक्यात घण घालून बसवलेलं असतं. एकदा आणि तीनदा कशावरून ते मास्तर सांगतील, ते असतात इथे.

जंतूमास्तर
असतो असतो. तीस वर्षं बीएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलंय, आता रिटायर आहे, त्यामुळे लांबलचक लिहिणार, चहा घेऊन बसा.

एकदा की तीनदा हे ठरतं बाटलीत काय आहे त्यावर. जिवंत जंतू आहे, मेलेला आहे, की जंतूचा नुसता एक तुकडा आहे. पण त्याआधी आत काय चालतं ते बघू. लोकांना वाटतं की रोग आला की शरीर त्याच्यासाठी नवीन हत्यार घडवायला बसतं. तसं नाहीये. तुमच्या दीड महिन्याच्या लेकीच्या अंगात आजच्या घडीला बी पेशी नावाच्या कोट्यवधी पेशी आहेत आणि प्रत्येकीवर वेगळ्या आकाराची खाच आहे. ज्या जंतूंची तोंडं तिने बघितली नाहीत त्यांच्या मापाच्या खाचासुद्धा आधीच तयार. किल्लीवाल्याकडे भिंतीवर हजारो किल्ल्या लटकत असतात ना, कुलूप घेऊन गेलं की तो एकेक लावून बघतो, तसं. जी बसली तिच्याच मग भराभर नकला काढायच्या. लस म्हणजे ते कुलूप नेऊन दाखवणं.

हे लावून बघायचं काम चालतं लसिका गाठींमध्ये. पायाला काटा लागून चिघळला की जांघेत अवधाण येतं, आजी म्हणायची अवधाण आलं, पाय टेकू नको. ते अवधाण म्हणजे ही किल्ल्यांची खटपट. मांडीत लस टोचली की तिथल्या पहारेकरी पेशी तो माल उचलून जांघेतल्या गाठीत नेतात. तिथे मदतनीस टी पेशी असतात, त्यांनी हो म्हटलं तरच बी पेशी जोरात वाढतात. हे मदतनीस लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पहिल्या खेपेला ह्या सगळ्याला आठवडा दोन आठवडे जातात आणि निघणाऱ्या अँटीबॉडी, म्हणजे पेशींनी रक्तात सोडलेल्या त्या किल्ल्यांच्या नकला, जेमतेम असतात, थोड्या दिवसांत ओसरतात. पण मागे काही पेशी शिल्लक राहतात ज्यांना हे कुलूप आठवतं. आणि त्या गाठीत पुढचे कित्येक आठवडे एक भन्नाट उद्योग चालू असतो, किल्लीचे दात थोडे थोडे घासून बघायचे, जी जास्त घट्ट बसेल ती ठेवायची, बाकीच्या मारून टाकायच्या. म्हणून मध्ये किमान चार आठवडे सोडतात. दुसरा डोस गेला की ह्या घासून पुसून तयार झालेल्या पेशी तीन चार दिवसांत उसळतात. तुमचा प्रश्न होता ना एकदाच जास्त दिली तर? नाही चालत, कारण कमी पडतो तो वेळ, माल नाही. आज दुप्पट पीठ मळलं म्हणून उद्याचं आंबवण आज होत नाही. उलट उशीर झाला तर फारसं बिघडत नाही, राहिलेल्या डोसापासून पुढे चालू करायचं, पहिल्यापासून परत नाही.

आता बाटल्या. पेंटामध्ये पाच आजार आहेत आणि एकही जंतू जिवंत नाही. घटसर्प आणि धनुर्वात ह्यांत जंतू नसतोच, त्याचं विष असतं, फॉर्मालिनने निकामी केलेलं, नागाचा दात काढून फणा तेवढा दाखवायचा तसं. डांग्या खोकल्याचा अख्खा जंतू असतो पण मेलेला. कावीळ ब चा तर विषाणूच नाही, त्याच्या बाहेरच्या आवरणाचं एक प्रथिन, तेही यीस्टमध्ये बनवलेलं, म्हणजे पावाचं पीठ फुगवणाऱ्या बुरशीच्या भाऊबंदांकडून. हे सगळं मेलेलं किंवा तुकड्यातलं असल्यामुळे अंगात वाढत नाही, दोन दिवसांत साफ होतं, म्हणून पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं. त्यात अॅल्युमिनियमचे क्षार घालतात, तुरटीच्या गोतातले, त्यामुळे तो माल जागेवर धरून राहतो आणि पहारेकरी पेशी चिडून गोळा होतात. तुमच्या लेकीच्या मांडीतली गाठ ती हीच. आणि सिस्टर म्हणतायत ते थिजण्याचं कारणही हेच, पेंटा गोठली की ह्या क्षारांच्या गुठळ्या होतात.

पाचवा आहे हिब, लहान मुलांना मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणारा जंतू, आणि हा माझा सगळ्यात आवडता. ह्या जंतूच्या अंगावर साखरेचा लांबच लांब साखळ्यांचा कोट असतो, शरीराला ओळखायची असते ती साखर. पण दोन वर्षांखालच्या मुलांच्या बी पेशी नुसत्या साखरेला दाद देत नाहीत आणि मदतनीस टी पेशींना तर साखर दिसतच नाही, त्यांना प्रथिन लागतं. म्हणून साखरेचा तुकडा एका प्रथिनाला जोडून देतात. बी पेशी साखर बघून तो जोड गिळते, मदतनीसाला प्रथिन दाखवते, तो खूश होऊन होकार देतो, आणि अँटीबॉडी मात्र तयार होतात साखरेविरुद्ध. कडू गोळी गुळात घालून देतात त्याच्या बरोबर उलटं! पीसीव्हीपण ह्याच युक्तीची.

गोवर रुबेलाची गोष्ट वेगळी, तो विषाणू जिवंत असतो पण प्रयोगशाळेत वाढवून वाढवून मवाळ केलेला. तो अंगात खरोखर थोडासा वाढतो म्हणून एकच डोस लागू पडला तर पुरतो. मग दोनदा का? कारण आईच्या अँटीबॉडी. पोटात असताना तुम्ही लेकीला वारेतून स्वतःच्या अँटीबॉडी दिल्यात, त्या पहिले काही महिने तिला सांभाळतात, पण त्याच लसीतल्या मवाळ विषाणूलाही मारून टाकतात. म्हणून नऊ महिने थांबतात. तरीही नऊ महिन्याला शंभरातल्या साधारण पंचाऐशी मुलांनाच ती लागू पडते. दुसरा डोस मुख्यतः उरलेल्या पंधरांसाठी, फक्त ते पंधरा कोण हे कुणालाच ओळखता येत नाही म्हणून सगळ्यांना द्यायचा. म्हणजे बघा, पेंटाचे तीन हे एकाच मुलाची उजळणी, गोवराचे दोन ही राहिलेल्यांची हजेरी. कार्डावर दोन्ही सारखेच दिसतात.

बीसीजीपण जिवंत. काल्मेत आणि गेरँ ह्या दोघांनी फ्रान्समध्ये गाईच्या क्षयाचा जंतू बटाट्याच्या कापावर पित्त घालून १३ वर्षं वाढवला, २३० वेळा पुढे पुढे नेला, तेव्हा १९२१ ला तो माणसाला देण्याइतका मवाळ झाला. लहान मुलांच्या मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयाला ती चांगली अडवते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाला नाही अडवत, ते आपल्याकडेच तमिळनाडूत चेंगलपट्टूच्या मोठ्या चाचणीत दिसलं, आणि पुन्हा टोचून फायदा होतो असं दिसलं नाही म्हणून एकदाच.

पोलिओचं नंतर लिहितो, बोटं दुखली.

मातीतला_माणूस
मास्तर छान लिहिलंय पण एक विचारतो, रागावू नका. आम्ही चिखलात लोळून मोठे झालो, गोवर आला कांजिण्या आल्या, कडुनिंबाच्या पाल्यावर झोपवलं आईने, आणि परत कधी आला नाही. मग रोग होऊन आलेली ताकद ही टोचून आलेल्या ताकदीपेक्षा पक्की नाही का? आणि हे न दुखणाऱ्या लसीचं काय, पैसेवाल्यांच्या पोरांना एक आणि गरिबांच्या पोरांना ताप येणारी असं का?

जंतूमास्तर
रागावतो कशाला, तुमचं अर्धं बरोबर आहे. गोवर एकदा झाला की जन्मभर होत नाही. फॅरो बेटांवर १७८१ ला गोवराची साथ आली होती, मग थेट १८४६ ला. तेव्हा पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरला दिसलं की पासष्ट वर्षांपूर्वी ज्यांना गोवर झाला होता ते म्हातारे तेवढे वाचले, बाकी गाव आडवं. पण गोवर त्याची किंमत वसूल करतो हो. तो आठवण ठेवणाऱ्या पेशींमध्येच शिरून त्यांना मारतो, त्यामुळे आधीच्या इतर आजारांच्या अँटीबॉडीसुद्धा कमी होतात, २०१९ मध्ये मोजलं तर काही मुलांत पाऊण भागापर्यंत गेलेल्या. गोवर बरा झाला आणि मग पोर न्यूमोनियाने गेलं असं जुन्या बायका सांगायच्या त्यात तथ्य होतं. लसीतला मवाळ विषाणू हे करत नाही.

आणि धनुर्वात तर उलटाच. होऊन वाचलेल्या माणसालासुद्धा नंतर लस द्यावी लागते. त्याचं विष इतकं जहाल की जीव घ्यायला जेवढं लागतं तेवढ्यात शरीराला ओळख पटत नाही. तिथे रोग होऊन ताकद येतच नाही.

न दुखणारीचं: सरकारी पेंटात डांग्या खोकल्याचा अख्खा मेलेला जंतू असतो, त्यामुळे ताप सूज जास्त. महागडीत त्याची मोजकी दोन पाच प्रथिनं असतात म्हणून ताप कमी, पण तिचा असर लवकर ओसरतो. अमेरिकेने नव्वदच्या दशकात ती घेतली आणि २०१० ला कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याची मोठी साथ बघितली. त्यामुळे ह्या बाबतीत गरिबाच्या पोराला उरलंसुरलं मिळतंय असं मला तरी वाटत नाही. मात्र जाऊबाईंशी भांडू नका, कुठलीही असो, वेळेवर झाली म्हणजे झालं.

जुनं_खोड
देवीचा विषय निघालाय म्हणून लिहितो. ताई, सासूबाईंचं एकदा टोचून भागलं कारण ती लसपण जिवंत विषाणूची होती, देवीच्या चुलत घराण्यातल्या. आणि टोचणं कसलं, दुतोंडी सुईने त्याच जागी पंधरा वेळा टोचे मारायचे. माझ्याही दंडावर आहेत वण. हिंदुस्थानात पहिली देवीची लस मुंबईतच टोचली, १४ जून १८०२, अॅना डस्टहॉल नावाची तीन वर्षांची मुलगी. तेव्हा फ्रीज कुठला, बगदाद बसऱ्याकडून लस आली ती एकाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याच्या दंडावर, असं करत करत, माणसंच बाटल्या होती म्हणा ना. देशातले शेवटचे रोगी १९७५ ला सापडले.

प्लेगच्या वेळी हाफकिन नावाचा जंतुशास्त्रज्ञ मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने प्लेगचे जंतू वाढवून उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतलं. परळची हाफकिन संस्था ती त्याच्याच नावाची. पण सगळं गोडगोड नव्हतं, १९०२ ला पंजाबात मलकोवाल गावी एका बाटलीत घाण शिरली आणि १९ माणसं धनुर्वाताने मेली. हाफकिनवर खापर फुटलं, नोकरी गेली, काही वर्षांनी निर्दोष ठरला. तेव्हा लोक सुईला घाबरतात त्यांना नुसतं अडाणी म्हणून सोडून देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

हाफकिनवरून आठवलं, सापाचं औषध घोड्याच्या रक्तातून काढतात ती लस नव्हे ना मास्तर?

जंतूमास्तर
नव्हे. ती उसनवारी. अँटीबॉडी घोड्याने बनवल्या, तुम्ही वापरल्या, काही आठवड्यांत संपल्या, आठवण शून्य. कुत्रा खोल चावला की जखमेत भरतात ते सीरमही तसंच, आणि सोबत दंडात दिवस ठरवून देतात ती लस, कारण स्वतःच्या अँटीबॉडी यायला आठवडा दोन आठवडे लागतात तोवर उसन्यावर ढकलायचं. आईने बाळाला वारेतून दिलेल्या त्यासुद्धा उसन्याच.

आता पोलिओ. थेंबातला विषाणू जिवंत मवाळ, तो आतड्यात वाढतो आणि आतड्यातच पहारा बसवतो, म्हणजे खरा पोलिओ आला तरी पोराच्या शीतून फारसा पुढे पसरत नाही. पण आपल्याकडे पोरांच्या पोटात इतर विषाणूंची इतकी गर्दी की थेंबांना जागाच मिळत नाही, म्हणून जिवंत असूनही पुन्हा पुन्हा पाजावे लागतात. शिवाय लाखो डोसांत एखाद्या वेळी तो मवाळ विषाणू उलटून बिघडतो. सुईतला विषाणू मेलेला, तो बिघडूच शकत नाही आणि रक्तात अँटीबॉडी देतो, पण आतड्यात पहारा कमी. म्हणून दोन्ही. दंडावरची ती बारीक सुई म्हणजे डोसाचा पाचवा हिस्सा, कातडीच्या थरातच टोचतात, कारण पहारेकरी पेशी कातडीत दाटीने असतात, थोडक्यात भागतं. देशातला रानटी पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ चा, हावड्यातला.

मातीतला_माणूस
पटलं बऱ्यापैकी. आता कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिनचं पण सांगून टाका, मी एक घेतली बायकोने दुसरी, अजून वाद चालू आहे.

जंतूमास्तर
वाद मिटवतो. कोव्हॅक्सिन जुन्या पद्धतीची, पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, वेगळा केलेला कोरोनाचा विषाणू वाढवून मारलेला, डांग्या खोकल्यासारखीच जातकुळी. कोविशील्डमध्ये कोरोना नाहीच, चिंपांझीच्या सर्दीचा वाढू न शकणारा विषाणू आहे आणि त्याच्या पोटात कोरोनाच्या अंगावरच्या काट्याची कृती लिहिलेली, ती वाचून तुमच्याच पेशींनी काटा बनवायचा. पुण्यातल्या जिनोव्हाची एमआरएनए त्याच्याही पुढची, वाहक विषाणूपण नाही, नुसती कृती, चरबीच्या बारीक थेंबांना चिकटवलेली. एकाने लाडू पाठवला, एकाने लाडवाची कृती लिहिलेला कागद पाठवला. आणि २०२१ च्या मेमध्ये कोविशील्डचं अंतर १२ ते १६ आठवडे केलं तेव्हा सगळे ओरडले होते लस संपली म्हणून करतायत. टंचाई होतीच, पण लांब अंतराने त्या लसीचा असर वाढतो हेही चाचण्यांत दिसलं होतं, वर ते किल्लीचे दात घासायचं सांगितलंच आहे.

दीड_महिन्याची_आई
बापरे, सकाळी झोपले आणि उठून बघते तर इथे अख्खा कोर्स. ताप गेलाय. सासूबाईंना पंधरा टोचे मारायचे हे वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या हो, आणि वर रडायचं पण नाही असा दम. जाऊबाईंना काही दाखवलेलं नाही. गाठ अजून आहे सिस्टर, वाटाण्याएवढी. आणि अडीच महिन्याची तारीख नेमकी माहेरच्या लग्नात येतेय, मास्तर म्हणतायत उशीर चालतो, चार दिवस चालतील ना?

उपकेंद्रवाली
गाठ दोन चार आठवडे राहू शकते, लाल होऊन गरम लागली किंवा वाढली तरच दाखवा. आणि मास्तरांचं ऐकून सगळेच उशीर करायला लागतील! चार दिवसांनी चालेल पण कशाला, लग्न कुठे आहे? कार्ड सोबत न्या, तिथल्या उपकेंद्रात देतात, कुठल्याही गावात देतात. अडीच महिन्याला सुई एकच आहे, पेंटाची, बाकी थेंब आणि रोटा. लग्नाच्या आदल्या दिवशी मात्र नका देऊ, नंतर हळदीत पोरगी रडत राहील आणि सगळे मला शिव्या देतील.